उत्पन्न किती, आणि कुणाचे?

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा आशय येथे देत आहोत. त्या तालुक्याच्या गावी राहतात. पतीची पिठाची गिरणी आहे. वीज, पट्टा, दगडांना टाकी मारण्याची मजुरी असा सगळा खर्च वजा जाता गिरणीतून वर्षाला साधारण १,४०,००० रुपये उरतात. बाई स्वतः घरी शिवणकाम करतात आणि त्यातून वर्षाकाठी आणखी २५,००० रुपये येतात. घरात पती, दोन मुले, ७४ वर्षांचे सासरे आणि ६९ वर्षांच्या सासूबाई आहेत. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावावर असून ते पांढरे आहे, कारण त्यावर धाकट्या दिरांचेही कुटुंब आहे. दीर पुण्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतात, त्यांना चांगला पगार आहे आणि त्यांच्याकडे मोटार आहे. नऊ वर्षांपासून त्यांची चूल वेगळी आहे, मात्र कार्ड अजून एकच आहे. आता पतीला बायपास शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि डॉक्टरांनी महिन्याभराची मुदत दिली आहे. खासगी रुग्णालयाने सुमारे तीन लाखांचा अंदाज दिला आणि तेथील खिडकीवर “पांढऱ्या कार्डाला योजना लागत नाही” असे सांगितले. गावातला एक मध्यस्थ काही हजार रुपयांत ६०,००० उत्पन्नाचा दाखला आणि केशरी कार्ड काढून देतो म्हणतो. सासूबाई कार्ड वेगळे करायला तयार नाहीत, कारण त्यांच्या मते कार्ड फुटले म्हणजे घर फुटले. बाई विचारतात: “नवऱ्याचा जीव वाचवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवले तर ते पाप आहे का? आणि तसे केले नाही, तर आमच्यासारख्या ना गरीब ना श्रीमंत माणसांनी जायचे कुठे?”

ताई,

पापाचा प्रश्न तुम्ही आधी विचारला आहे, पण मी तो थोडा वेळ बाजूला ठेवते. तो टाळायचा म्हणून नव्हे. तो ज्या गृहीतकावर उभा आहे ते आधी तपासले पाहिजे म्हणून. पांढरे कार्ड असलेल्यांना राज्याच्या आरोग्य योजनेतून उपचार मिळत नाहीत, असे गृहीत धरून तुम्ही आणि त्या मध्यस्थाने पुढचा सगळा विचार केला आहे. हे गृहीतक बरीच वर्षे खरे होते. आज ते खरे नाही.

ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. त्या काळात पिवळे, केशरी, अंत्योदय आणि अन्नपूर्णा कार्ड असलेली कुटुंबे तिच्यात बसत आणि एका कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळत. पांढऱ्या कार्डाला दार बंद होते. अपवाद फक्त विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांचा, कारण तेथील पांढरे कार्डधारक शेतकरी सातबारा दाखवून योजनेत येऊ शकत. १ एप्रिल २०२० पासून ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली. त्यानंतर २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने महत्त्वाचा बदल केला. पांढरे कार्ड असलेली कुटुंबे आणि ज्यांच्याकडे कार्डच नाही पण महाराष्ट्राचा अधिवास दाखला आहे अशी कुटुंबेही योजनेत आली, मर्यादा प्रति कुटुंब प्रति वर्ष पाच लाख रुपये झाली आणि उपचारांची संख्या १,३५६ वर गेली. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अनेक वर्षे जे उत्तर बरोबर होते तेच सवयीने तोंडी बसते आणि रुग्णालयाच्या खिडकीवर तुम्हाला तेच ऐकायला मिळाले असावे. त्या उत्तरावर विसंबून तुम्ही परत फिरलात याचे मला वाईट वाटते. तेथून थेट शेजारच्या आरोग्यमित्राच्या टेबलाकडे जायला हवे होते. तुम्हाला ते कोणी सांगितले नाही, म्हणून मी सांगते.

योजनेशी करार असलेल्या प्रत्येक रुग्णालयात, म्हणजे शासनाच्या भाषेत अंगीकृत रुग्णालयात, आरोग्यमित्र नेमलेला असतो. रुग्णाची नोंदणी तो करतो. त्यानंतर रुग्णालय तपासण्यांचे अहवाल ऑनलाइन पाठवून उपचाराची पूर्वपरवानगी मागते आणि ती मिळाली की शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या आणि रुग्णाचे जेवण यांसाठी तुमच्याकडून पैसे घेता येत नाहीत. बायपास या योजनेच्या उपचारांत आहे. म्हणून पहिले काम एवढेच करा, की ज्या रुग्णालयाने तीन लाखांचा अंदाज दिला ते अंगीकृत आहे का, आणि हृदयशस्त्रक्रियेसाठी अंगीकृत आहे का, हे विचारा. एखादे रुग्णालय योजनेत असते, पण सगळ्याच विशेष शाखांसाठी नसते, म्हणून दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ते योजनेत नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या निःशुल्क क्रमांकांवर फोन करून जिल्ह्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यातील हृदयशस्त्रक्रिया करणारी अंगीकृत रुग्णालये विचारून घ्या. डॉक्टरांनी महिना दिला आहे, म्हणजे रुग्णालय बदलण्याइतका वेळ तुमच्या हाती आहे. मात्र मधल्या काळात छातीत दुखले, दम लागला तर कागदांसाठी क्षणभरही थांबू नका. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून कागद मागाहून देण्याची सोय योजनेत आहे. फक्त दाखल करतानाच आरोग्यमित्राला कळवा. योजना रोखरहित आहे. आधी पैसे भरून मागाहून भरपाई घेऊ, या भरवशावर कोणीही राहू नये.

दुसरे काम कार्डाचे. ते वेगळे करायचे नाही, फक्त तपासायचे आहे. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, त्यामुळे ही कार्डे वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतात. अनेकांच्या कार्डाची ऑनलाइन नोंदच झालेली नसते आणि बारा अंकी क्रमांक मिळालेला नसतो. तो क्रमांक नसेल तर रुग्णालयात संगणकावर तुमचे कुटुंब सापडणार नाही. तेव्हा सासऱ्यांचे कार्ड आणि सगळ्यांची आधारकार्डे घेऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जा, कार्ड ऑनलाइन आहे का ते पाहा आणि नसेल तर शस्त्रक्रियेची चिठ्ठी दाखवून ते काम तातडीने करून मागा. कार्डावरचे पतीचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हेही पाहा. कार्डावर घरात हाक मारायचे नाव आणि आधारवर शाळेत घातलेले नाव, एवढ्या फरकाने उभी राहिलेली अडचण मी किती वेळा पाहिली आहे, हे सांगता येणार नाही. मुलांची नावे कार्डावर चढवली आहेत का, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

आता उत्पन्नाकडे वळू, कारण तुमच्या मनाला तोच विषय जास्त बोचतो आहे.

आपण ‘उत्पन्न’ हा शब्द असा वापरतो, जणू सरकारदरबारी प्रत्येक घराची एकच संख्या लिहून ठेवली आहे आणि सगळी दारे त्या एका संख्येवर उघडतात किंवा बंद होतात. प्रत्यक्षात प्रत्येक दाराची मोजपट्टी वेगळी आहे. रेशनकार्डाचा रंग एक मोजपट्टी लावतो. वार्षिक उत्पन्न १५,००० पर्यंत असेल तर पिवळे, त्याहून अधिक पण एक लाखापर्यंत असेल तर केशरी आणि त्यापुढे पांढरे. शिवाय घरात टॅक्सी वगळता चारचाकी असेल किंवा कुटुंबाची बागायती जमीन चार हेक्टर किंवा त्याहून अधिक असेल तरीही कार्ड पांढरेच. स्वस्त धान्यासाठी प्राधान्य कुटुंब ठरवताना दुसरी मोजपट्टी लागते: ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. केंद्राची आयुष्मान योजना मूळ लाभार्थी ठरवताना आजचे उत्पन्न विचारतच नाही. ती २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणातील वंचिततेच्या निकषांवर चालते. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी १,६०,००० ची मर्यादा आहे. धर्मादाय रुग्णालयांत १,८०,००० आणि ३,६०,००० अशा दोन पायऱ्या आहेत. आणि तुम्हाला आज ज्या योजनेची गरज आहे, तिच्यासाठी पांढऱ्या कार्डाला कोणतीही उत्पन्नमर्यादा नाही.

कार्डाच्या रंगाची एक लाखाची मर्यादा १९९९ सालची आहे. आज दिवसाला ३०० रुपये मिळवणारा माणूस वर्षात ३४० दिवस राबला तर त्याचे उत्पन्न १,०२,००० होते आणि नियमाप्रमाणे तो केशरी कार्डाच्या बाहेर जातो. अशा माणसाला श्रीमंत मानणारी मोजपट्टी बदलली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. पांढरे कार्ड पाहून कोणाला सुखवस्तू समजू नये, आणि तुम्हीही स्वतःला ‘ना गरीब ना श्रीमंत’ म्हणताना अपराधी वाटून घेऊ नये. गिरणीवाला, शिंपी, वडापाव विकणारा, खासगी शाळेतला कमी पगाराचा शिक्षक, या सगळ्यांचे घर एका शस्त्रक्रियेने कर्जात जाते. म्हणूनच उत्पन्नाची अट सैल करावी लागली.

तर मग त्या मध्यस्थाने देऊ केलेला ६०,००० चा दाखला तुम्हाला कशासाठी हवा? या योजनेसाठी नको आहे. केशरी कार्डासाठी तो लागेल, पण त्या कार्डाने तुमच्या बायपासमध्ये काही भर पडणार नाही. जे दार उघडेच आहे, त्याची खोटी किल्ली तो तुम्हाला विकतो आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासोबत आपण स्वयंघोषणापत्रावर सही करतो आणि माहिती खोटी आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन, असे त्यात लिहिलेले असते. सही तुमची किंवा तुमच्या पतीची असेल, मध्यस्थाची नसेल. पकडले जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी एक व्यवहाराची गोष्ट उरते. आज ६०,००० लिहिलेत, तर उद्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात काय लिहाल? गिरणीत नवी मोटर बसवायला बँकेकडे कर्ज मागताना काय दाखवाल? एका घराची तीन ठिकाणी तीन उत्पन्ने झाली, की खरा कागदही संशयाने वाचला जातो.

मी एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करत असतानाची एक गोष्ट सांगते. एका कुटुंबाने असाच दाखला आणला होता. घरात खरे पाहता वर्षाला दीड लाखाच्या आसपास येत होते. दाखल्यावर मात्र इतका कमी आकडा होता, की त्या घराचे भाडेसुद्धा त्यात बसले नसते. चौकशीत भाडेपावती पुढे आली आणि दाखला बाद झाला. त्यांनी खरा आकडा लिहिला असता, तरी ते त्या वेळच्या सवलतीच्या गटात बसत होते. पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील, यात अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली त्या रुग्णाची आई मला आजही आठवते. खोटे बोलण्याचा हेतू तिच्या मनात नव्हता. “एवढे कमी लिहिल्याशिवाय काही मिळत नाही” असे तिला कोणीतरी सांगितले होते.

म्हणून पापाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. जीव वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या बाईला पापी म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि मी तसे म्हणणारही नाही. पण खऱ्या आकड्याने काम होत आहे का, हे शोधण्याआधी खोट्याकडे जाऊ नका. तुमच्या बाबतीत खऱ्या आकड्याने काम होते.

समजा योजनेत काही अडचण आली. समजा जवळच्या अंगीकृत रुग्णालयात तारीख लवकर मिळाली नाही, किंवा डॉक्टरांनी सुचवलेला एखादा उपचार योजनेच्या यादीत नसला. तेव्हा दुसरे दार आहे धर्मादाय रुग्णालयांचे, आणि तेथे मात्र उत्पन्न खरोखर मोजले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकातील रुग्णांसाठी राखून ठेवाव्या लागतात. निर्धनांवर मोफत आणि दुर्बल घटकांवर सवलतीच्या दरात उपचार करायचे असतात. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. बाहेरून पंचतारांकित दिसणारी कित्येक मोठी रुग्णालये कागदोपत्री धर्मादाय असतात, पण तेथे पाय ठेवायलाच आपल्या माणसांना धीर होत नाही.

तुमचा हिशेब मांडून पाहू. गिरणीचे १,४०,००० आणि तुमच्या शिवणकामाचे २५,००० मिळून १,६५,००० होतात. हे १,८०,००० च्या आत आहे, म्हणजे शिवणकाम न लपवता तुम्ही निर्धन गटात बसता. मुख्यमंत्री सहायता निधीच्या १,६०,००० च्या मर्यादेबाहेर तुम्ही ५,००० रुपयांनी जाता, आणि येथे शिवणकाम गाळण्याचा मोह होईल हे मला कळते. तो आवरा. तो निधी मुळात जन आरोग्य योजनेतून उपचार होत नसतील तेव्हाचा आधार आहे आणि तुमच्यासमोर त्याच्या आधीची दोन दारे उघडी आहेत. आणखी एक गोष्ट पत्रावरून जाणवली. शिवणकामाचे पैसे तुम्ही ‘माझे किरकोळ’ म्हणून शेवटी, जवळजवळ संकोचाने लिहिले आहेत. २५,००० रुपये किरकोळ नसतात. घराच्या उत्पन्नात ते मोजले जाणे, हा तुमच्या कष्टाचा मान आहे.

आकडा काढताना उलट बाजूची चूकही होऊ देऊ नका. अनेक छोटे व्यावसायिक गल्ल्यात आलेली सगळी रक्कम उत्पन्न म्हणून सांगून टाकतात. गिरणीत दळणाचे जे पैसे येतात त्यातून विजेचे बिल, पट्टा, दगडांची दुरुस्ती, जागेचे भाडे वजा करायचे असते. तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्याकडे जाताना वर्षभराची वीजबिले आणि एका वहीत लिहिलेला महिन्यावार हिशेब न्या. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करा, पावती घ्या, आणि दाखला तहसीलदारांच्या सहीचा आहे याची खात्री करा.

आता खरी गाठ येते, ती म्हणजे हे उत्पन्न नेमके कुणाचे धरायचे. जन आरोग्य योजनेत तुमचे संयुक्त कार्ड तुम्हाला अडवत नाही, पण धर्मादाय रुग्णालयात ते अडवू शकते, कारण उत्पन्न ‘कुटुंबाचे’ मोजायचे आणि कार्डावर तर दिरांचे कुटुंबही दिसते. त्यांचा पगार धरला तर १,८०,००० ची मर्यादा ओलांडली जाईल आणि ज्या पगारातला एक पैसा तुमच्या चुलीपर्यंत येत नाही, त्याच्यापायी तुम्ही संपन्न ठराल. दुसरी बाजू अशी, की योजनेचे पाच लाख हे कुटुंबाचे आहेत, माणशी नव्हेत. एका कार्डावर दोन घरे असतील तर त्या दोन्ही घरांत मिळून वर्षाला तेवढेच. दिरांकडे कोणाचा उपचार यंदा योजनेतून झाला आहे का, हे फोन करून विचारून घ्या. नऊ वर्षे स्वतंत्र राहणाऱ्या दोन कुटुंबांची कार्डे वेगळी करणे म्हणजे खोटेपणा नव्हे. कागदावर जे चुकीचे राहून गेले आहे, ते खरे करणे आहे. मात्र वेगळे कार्ड काढलेत तरी १,६५,००० उत्पन्नावर तुमचे कार्ड पांढरेच राहील. त्यामुळे रंग बदलेल या आशेने हे करू नका.

आणि आत्ता, या महिन्यात करू नका. जुन्या कार्डातून नावे कमी करण्यासाठी सासऱ्यांची सही लागेल, मग नव्या कार्डाचा अर्ज, मग त्याची ऑनलाइन नोंद. मधल्या काळात पतीचे नाव जुन्या कार्डात नाही आणि नव्यात अजून आले नाही, अशी स्थिती झाली तर ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी हातात काहीच उरणार नाही. आजचे संयुक्त कार्ड आहे तसे वापरा. शस्त्रक्रिया पार पडली, पती घरी आले, त्यांच्या अंगात बळ आले, की मग सावकाश वेगळे करा. तोवर सासूबाईंचे मनही वळवता येईल.

सासूबाईंविषयी एक विनंती करते. त्यांच्या म्हणण्याला अडाणीपणा समजू नका. त्यांच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभे राहून त्या कार्डावर घर चालवले आहे. त्यावर मुलांची, सुनांची, नातवंडांची नावे एकेक करून चढताना त्यांनी पाहिली आहेत. ते कार्ड म्हणजे त्यांच्या लेखी घराची वही आहे, आणि त्यातून धाकट्याचे नाव खोडणे म्हणजे धाकट्याला खोडणे. त्यांना नियम समजावण्याआधी हे तुम्हाला समजले आहे, एवढे त्यांना कळू द्या. मग हा विषय दिरांनीच काढावा, असे मला वाटते. “आई, कार्ड वेगळे झाले तर दोन्ही घरांना स्वतंत्र पाच लाख मिळतील, दादाला अडचण होणार नाही” हे वाक्य तुमच्या तोंडून आले तर वाटणीची मागणी वाटेल, आणि त्यांच्या तोंडून आले तर काळजी वाटेल. दिरांशी तुमचे संबंध चांगले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना आजच खरी परिस्थिती सांगा. पैशांसाठी नाही, तर शस्त्रक्रियेच्या आठवड्यात रुग्णालयात रात्री कोणीतरी बसायला लागेल, आणि तहसील कार्यालयात खेपा घालायलाही लागेल.

सासऱ्यांचेही एक काम याच वेळी उरकून घ्या. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचा लाभ खुला झाला आहे. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते आणि आधारवरचे वय त्याला पुरते. सासऱ्यांचे आजच काढा. सासूबाईंची सत्तरी पूर्ण झाली की त्यांचेही काढा.

ज्यांची परिस्थिती तुमच्यापेक्षा थोडी वेगळी आहे अशा वाचकांसाठी दोन शब्द लिहिते. ज्यांच्याकडे कोणतेच रेशनकार्ड नाही त्यांनी अधिवास दाखला काढून ठेवावा, कारण आजार आल्यावर तो काढायला वेळ नसतो. गोव्यात राहणाऱ्यांना दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत उत्पन्न विचारले जात नाही, तेथे किमान पाच वर्षांचे वास्तव्य पाहिले जाते. आणि सर्वांनीच हे ध्यानात ठेवावे, की या योजना प्रामुख्याने दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची नेहमीची तपासणी त्यात धरून घर चालवू नये. पतींना बायपासनंतर आयुष्यभर औषधे लागतील. घरी सोडल्यावर पहिले दहा दिवस योजनेतून सोय होते, पुढचा खर्च तुमचा असेल. जिल्हा रुग्णालयातून किंवा जनऔषधी केंद्रातून ती किती स्वस्त पडतील याची चौकशी आत्ताच करून ठेवा.

आरोग्यमित्राने नकार दिला तर नकाराचे कारण लेखी मागा. योजनेत नोंद होऊनही कोणी पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नका आणि त्याच निःशुल्क क्रमांकांवर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून घ्या. मोफत मिळते म्हणून हळू आवाजात, खाली मान घालून बोलण्याचे काही कारण नाही. गिरणीच्या प्रत्येक वीजबिलात, शिवणयंत्राच्या प्रत्येक दोऱ्याच्या रिळात तुम्ही कर भरत आला आहात आणि त्याच पैशांतून ही योजना चालते.

सोमवारी सकाळी तहसील कार्यालय उघडण्याच्या वेळी पुरवठा शाखेत पोहोचा. पिशवीत मूळ रेशनकार्ड, सगळ्यांची आधारकार्डे, बायपासची चिठ्ठी, अँजिओग्राफीचा अहवाल आणि प्रत्येकाच्या तीन-तीन छायाप्रती असू द्या. तेथून निघालात की आरोग्यमित्राकडे जा. त्या मध्यस्थाचा फोन आला तर त्याला एवढेच सांगा, की आमचे कार्ड पांढरेच आहे आणि ते चालते.